सीमेवरची तीर्थं आणि तिथली गावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आदि कैलास, माणा, तवांग, टिटवाल, तनोट ही नावं काही वर्षांपूर्वी मराठी घरांतल्या सुट्टीच्या बेतांत क्वचितच निघायची. आता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आदि कैलासला कोण कोण येतंय?’ असा मेसेज पडतो. मी या भागांत, मुख्यतः पिथौरागड आणि चमोली जिल्ह्यांत, काही वेळा जाऊन आले आहे. परत आल्यावर लोक जे विचारतात ते, आणि तिथल्या माणसांनी मला विचारलेलं काही, इथे एकत्र केलं आहे. प्रवासाची माहिती ओघाने येईल. पण माझं सगळं लक्ष गावाकडे आहे. आपण देवदर्शनाला जातो तेव्हा पिढ्यानपिढ्या सीमेवर राहिलेल्या माणसाच्या हातात काय पडतं, हे मला सांगायचं आहे.

सीमेवरची तीर्थं म्हणजे नेमकी कोणती?

उत्तराखंडात बद्रीनाथच्या पुढे तीन-चार किलोमीटरवर माणा. गंगोत्रीच्या वाटेवर हर्षिल आणि मुखबा. पिथौरागडच्या व्यास खोऱ्यात आदि कैलास आणि ओम पर्वत, आणि त्याच खोऱ्यातून लिपुलेख खिंड ओलांडून जाणारी कैलास-मानसरोवराची वाट. मानसरोवराची दुसरी वाट सिक्कीममधल्या नथू ला खिंडीतून जाते. अरुणाचलात तवांगचा बौद्ध मठ आणि लोहित जिल्ह्यातलं परशुराम कुंड. काश्मीरमध्ये किशनगंगेच्या काठी टिटवालचं शारदा मंदिर, पंजाबात डेरा बाबा नानक, राजस्थानात तनोट माता, कच्छमध्ये नारायण सरोवर.

ही सगळी एका माळेत ओवली तरी त्यांच्यात फार फरक आहे. तनोट जैसलमेरपासून सुमारे १२० किलोमीटर. सकाळी निघून, दर्शन घेऊन, १९६५ च्या युद्धातले न फुटलेले तोफगोळे पाहून रात्री माणूस जैसलमेरच्या हॉटेलात परत. आदि कैलासच्या वाटेवरच्या गुंजी गावात मात्र मुक्काम केल्याशिवाय गत्यंतर नाही. या एका फरकावर गावाचं पुष्कळसं नशीब ठरतं.

ही गावं ओस का पडली? पूर्वीपासूनच गरीब होती का?

नव्हती. हा समज आधी मनातून काढायला हवा.

व्यास, दारमा आणि चौदास या तीन खोऱ्यांतला रं समाज, माणा आणि नीती भागातले भोटिया, नेलांग खोऱ्यातले जाड हे सगळे व्यापारी लोक. इथून धान्य, गूळ, कापड तिबेटात जायचं आणि तिकडून मीठ, लोकर, सुहागा (टाकणखार) यायचा. लिपुलेखच्या पलीकडची तकलाकोटची बाजारपेठ गुंजीकरांना जवळची होती. मेंढ्याबकऱ्यांच्या पाठीवर छोटी पोती लादून हा माल खिंडी ओलांडायचा. व्यास खोऱ्यातल्या गर्ब्यांग गावातली जुनी घरं बघा, दारं-खिडक्यांवरचं लाकडी कोरीवकाम पाहून या खोऱ्यात कधीकाळी किती सुबत्ता होती ते कळतं.

१९६२ च्या युद्धाने हे सगळं एका झटक्यात थांबवलं. व्यापार बंद, खिंडी बंद. उत्तरकाशीतली जाडुंग आणि नेलांग ही गावं तर रिकामी करण्यात आली आणि तिथले लोक बगोरी आणि डुंडाकडे येऊन वसले. लिपुलेखवरचा व्यापार पुन्हा सुरू व्हायला १९९२ साल उजाडलं, नथू ला उघडायला २००६. पण तोवर मधली पिढी शिकून, नोकऱ्या धरून डेहराडून, दिल्ली, हल्द्वानीला गेली होती. परवान्यावर, मोजक्या मालाचा व्यापार म्हणजे जुन्या व्यापाराची नुसती आठवण.

गावांतून होणाऱ्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या उत्तराखंडाच्या पलायन आयोगाने २०१८ मध्ये सांगितलं की २०११ नंतर राज्यातली ७३४ गावं निर्जन झाली. आकडा साऱ्या डोंगराळ भागाचा आहे, पण वर जाताना रस्त्याकडेच्या कुलूपबंद घरांकडे पाहिलं की तो डोळ्यांना दिसतो.

मग सरकारला आत्ताच या गावांची आठवण का झाली?

रिकामं गाव सीमेवर महागात पडतं. मेंढपाळ कुरणात जातो, गावकरी जंगलात जातो, परका माणूस दिसला की त्याला कळतं. वस्ती असली की जवानांना आधार असतो. तिबेटच्या बाजूला चीनने सीमेलगत गावं वसवायला घेतली, तेव्हा आपल्या बाजूची ओस गावं जास्तच डोळ्यांत भरली.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ फेब्रुवारी २०२३ रोजी व्हायब्रंट व्हिलेजेस कार्यक्रमाला मंजुरी दिली. रक्कम ४,८०० कोटी, त्यांतले २,५०० कोटी फक्त रस्त्यांसाठी. अरुणाचल, सिक्कीम, उत्तराखंड, हिमाचल आणि लडाख मिळून २,९६७ गावं निवडली, पहिल्या टप्प्यात ६६२. त्यांतली ४५५ एकट्या अरुणाचलातली. एप्रिल २०२५ मध्ये दुसरा टप्पा मंजूर झाला, ६,८३९ कोटींचा, बाकीच्या जमिनी सीमांसाठी. त्याआधीही, १९८६-८७ पासून, सीमावर्ती भाग विकास कार्यक्रम होताच.

माण्याचं उदाहरण बोलकं आहे. वर्षानुवर्षं तिथल्या चहाच्या टपरीवर ‘भारताची शेवटची चहाची टपरी’ अशी पाटी असायची आणि लोक तिच्यासमोर फोटो काढायचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधान तिथे गेले, सीमेवरचं प्रत्येक गाव देशाचं पहिलं गाव आहे असं म्हणाले, आणि पुढच्या वर्षी सीमा सडक संघटनेने वेशीवर ‘पहिलं गाव’ म्हणून फलक लावला. शब्द बदलल्याने पोट भरत नाही, हे मान्य. तरीही गावात राहणाऱ्या मुलाला आपण शेवटचे की पहिले यात काहीतरी वाटतंच, आणि ते मला त्यांच्या बोलण्यात ऐकू आलं.

यात्रेकरू वाढले की गावाला पैसा मिळतोच ना?

नाही. आपोआप तर मुळीच नाही.

मी पहिल्यांदा आदि कैलासला गेले ती एका टूरबरोबर. काठगोदामहून निघालेल्या गाड्यांच्या टपावर तांदळाची पोती, तेलाचे डबे, गॅसची शेगडी, सोबत आचारी. गुंजीत आमचा मुक्काम तंबूत होता आणि ते तंबू खालच्या शहरातल्या ठेकेदाराचे. सकाळी पोहे, रात्री वरण-भात, तूपसुद्धा वरून वाढलेलं. आम्ही सगळे खूश. तिसऱ्या दिवशी तंबूंच्या शेजारच्या घराच्या ओट्यावर एक बाई राजमा निवडत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी विचारलं, ‘दीदी, एवढं सामान कशाला चढवता? इथे काय माणसं जेवत नाहीत?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पॅकेजचे सगळे पैसे मी घरी बसूनच भरले होते. त्यांतला एकही रुपया त्या ओट्यापर्यंत पोचला नव्हता. माझ्या वाट्याची गर्दी, धूळ आणि कचरा मात्र त्यांच्या दारात पडला होता.

दुसऱ्या वेळी मी नाबी गावात एका घरी राहिले. घर चालवणाऱ्या आमा साठीच्या पुढच्या. चुलीपाशी बसून फाफरच्या (बकव्हीटच्या) जाड पोळ्या, राजमा आणि मीठ-लोण्याचा चहा. रात्री त्यांनी एक वही उघडली. आलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि शेजारी हिशेब. दूध समोरच्या घरातून, भाजी जावेच्या वाफ्यातून, लाकूड फोडायला एक मुलगा, आम्हाला आदि कैलासच्या पायथ्याच्या जोलिंगकोंगला नेणारी कॅम्पर जीप पुतण्याची. मी एका रात्रीचे जे पैसे दिले ते सकाळपर्यंत चार घरांत गेले होते, आणि हे सगळं त्या वहीत लिहिलेलं होतं.

तेव्हापासून मी एवढंच विचारते: यात्रेकरू रात्री कुठे झोपतो, आणि ते छप्पर कोणाचं आहे? पैसा मुक्कामाला उतरतो. जिथे माणूस फक्त दर्शन घेऊन निघतो तिथे चहा, फुलं आणि पार्किंग एवढंच उरतं.

कर्तारपूर मार्गिकेत हे स्पष्ट दिसलं. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी, गुरू नानकांच्या ५५० व्या जयंतीच्या निमित्ताने ती उघडली. व्हिसा नाही, रोज ५,००० भाविकांची सोय, डेरा बाबा नानकपासून सीमेपलीकडचा कर्तारपूरचा गुरुद्वारा साडेचार किलोमीटरवर. गुरू नानकांनी आयुष्याची शेवटची अठरा वर्षं जिथे काढली त्या जागेचं दर्शन इतकी वर्षं लोक दुर्बिणीतून घेत होते, म्हणून त्या दिवसाचं मोल पैशात होणार नाही. पण नियम असा की सकाळी जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. प्रत्येकी २० डॉलर शुल्क जायचं पाकिस्तानला. बहुतेक भाविक अमृतसरला मुक्काम करायचे. डेरा बाबा नानकच्या दुकानदाराला त्यांतलं कितीसं मिळणार?

रस्ता झाला म्हणजे निम्मं काम झालं, असं नाही का?

आजारी माणसाला खाली आणायचं असेल, बाळंतीण अडली असेल, तर रस्ता म्हणजे जीव. त्यावर वाद नाही. धारचूला ते लिपुलेख रस्त्याचं उद्घाटन मे २०२० मध्ये झालं. त्याआधी गुंजीला पोचायला चालत दिवस जायचे, आता धारचूलाहून सुमारे सत्तर किलोमीटर जीपने होतात. तवांगच्या वाटेवर १३,००० फुटांवरचा सेला बोगदा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला आणि हिवाळ्यात बर्फाने अडणारी वाट मोकळी झाली.

पण रस्त्याची दुसरी बाजू खेचरवाल्याला विचारा. १९८१ पासून कुमाऊँ मंडल विकास निगम लिपुलेखमार्गे मानसरोवर यात्रा चालवत आलं आहे. यात्रेकरू पायी जायचे, बहुतेकांसोबत एक हमाल आणि एक घोडं किंवा खेचर. बुधी, गुंजी, कालापानी, नाभीढांग असे पडाव. यात्रेकरू थोडे असायचे, पण बहुतेकांमागे दोन माणसांची मजुरी ठरलेली. जीप आली आणि यात्रेकरू कितीतरी पटींनी वाढले, खेचरं मात्र उभी राहिली. ज्याला कर्ज काढून गाडी घेता आली तो तरला. ज्याला नाही आली तो रस्त्याच्या कामावर मजूर झाला.

रस्ता जसा माणसं वर आणतो तसाच तो त्यांना लवकर खालीही नेतो. पूर्वी चार रात्री राहावं लागायचं तिथे आता दोन पुरतात. म्हणून माझं मत असं की रस्ता पुरा व्हायच्या आत गावातल्या घरांना मुक्कामाची सोय उभारायला पैसे आणि प्रशिक्षण मिळालं पाहिजे. रस्ता आधी आणि होमस्टे नंतर, असा क्रम लागला की मधल्या काळात ठेकेदार येऊन बसतो.

पाच-सहा महिन्यांच्या हंगामावर घर कसं चालणार?

माण्याची किंवा व्यास खोऱ्याची घरं पूर्वीपासूनच दोन ठिकाणी नांदतात. उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली. त्यामुळे वर्षभर वर राहा, असा सल्ला त्यांना शहरातून देऊ नये. अडचण वेगळी आहे. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत सगळे एकदम येतात, पावसाळ्यात दरडींमुळे वाट बंद, आणि मुलांची शाळा खाली असल्याने तरुण सून वर यायला तयार नसते.

हिवाळी यात्रा हा एक उपाय पुढे आला आहे. गंगोत्रीचे कपाट, म्हणजे देवळाचे दरवाजे, हिवाळ्यासाठी बंद झाले की गंगेची मूर्ती मुखब्याला येते, सहा महिने पूजा तिथेच. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान मुखबा-हर्षिलला गेले ते याच हिवाळी पर्यटनाच्या प्रचाराला, आणि जाडुंगसारख्या रिकाम्या गावात घरं दुरुस्त करून होमस्टे उभारायचं कामही सुरू झालं आहे. मला ही दिशा पटते, कारण गर्दी विखुरते आणि हर्षिलचा राजमा, सफरचंद दारातच विकलं जाऊ शकतं.

यात्रेपलीकडचा एक आधारही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्तराखंड सरकार आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलात करार झाला की जवानांसाठी बकरी, कोंबडी, मासे स्थानिक पशुपालकांकडून घ्यायचे. जवान वर्षभर असतो आणि त्याला रोज जेवावं लागतं. अशी बारमाही गिऱ्हाइकी कुठल्याही यात्रेपेक्षा भरवशाची.

डोंगराला हे झेपतं का?

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

ऑगस्ट १९९८ मध्ये मानसरोवराच्या वाटेवर मालपा इथे रात्री डोंगर कोसळला. दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यांत साठ यात्रेकरू. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथ. जानेवारी २०२३ मध्ये बद्रीनाथचं प्रवेशद्वार समजलं जाणारं जोशीमठ खचू लागलं, आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये माण्याजवळ हिमस्खलनात सीमा सडक संघटनेच्या कामावरचे आठ मजूर दगावले. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या वाटेवरच्या धरालीत खीरगंगेचा लोंढा आला आणि बाजारपेठ, हॉटेलं, होमस्टे गाळाखाली गेले.

धरालीबद्दल जरा थांबून बोलायला हवं. ती वस्ती यात्रेवरच वाढली होती. जुनी गावं ओढ्याच्या तोंडापासून दूर, उंचावर, पक्क्या खडकावर असायची. यात्रा रस्त्याने जाते, म्हणून दुकान रस्त्याला लागून हवं, आणि रस्ता नदीलगतच्या सपाट जागेतून जातो. ती सपाट जागा मुळात जुन्या पुरांनी आणून टाकलेल्या गाळाची. गिऱ्हाईक जिथे आहे तिथेच धोका आहे, अशी ही कोंडी. गावकऱ्याला हावरट म्हणून मोकळं होणं अन्यायाचं ठरेल. कुठे बांधायचं नाही हे सांगून ते पाळायला लावण्याची जबाबदारी प्रशासनाची आहे.

चारधाम महामार्गाचा प्रश्नही यातलाच. जवळपास ९०० किलोमीटर रस्ता रुंद करायचा, त्यासाठी डोंगराचा पायथा कापायचा. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सैन्याच्या गरजेसाठी दुपदरी रुंदीला परवानगी दिली. रणगाडे आणि तोफा वर न्यायच्या तर रुंदी लागते, हे समजू शकतं. पण त्याच रुंदीवरून एका दिवसात किती गाड्या सोडायच्या हे ठरवणं आपल्या हातात आहे. २०२३ मध्ये चारधामला पन्नास लाखांहून अधिक भाविक गेले. रोजची मर्यादा ठरवली की व्यापारी आंदोलन करतात आणि मर्यादा सैल होते, असं वारंवार झालं आहे.

जोलिंगकोंगसारख्या साडेचार हजार मीटरवरच्या जागी सांडपाण्याची व्यवस्था नाही आणि थंडीत काहीही लवकर कुजत नाही. तिथे टाकलेला डायपर किंवा बिस्किटाचा कागद तुमच्या नातवंडांनाही दिसेल.

बाहेरचे लोक येऊन जमिनी घेत नाहीत का?

घेतात, जिथे कायद्याने वाव आहे तिथे. अरुणाचलात बाहेरच्यांना जमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे तवांगमध्ये हॉटेल निघालं तरी जमिनीचा मालक तिथलाच राहतो. उत्तराखंडाने फेब्रुवारी २०२५ मध्ये कायदा कडक केला आणि तेरापैकी अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतजमीन विकत घ्यायला बंदी घातली. तरी भाडेपट्टा, भागीदारी, नावापुरता स्थानिक भागीदार या वाटा राहतातच. मुक्कामाचं बुकिंग करताना ‘मालक कोण, आणि ते तिथेच राहतात का?’ एवढं फोनवर विचारलं तर बरंच कळतं.

सीमा तापली की काय होतं?

पहिला फटका याच गावांना. टिटवालची गोष्ट सांगते.

शारदा पीठ हे प्राचीन विद्यापीठ आज नियंत्रण रेषेपलीकडे, नीलम खोऱ्यात आहे. १९४७ पर्यंत तिथे जाणारी यात्रा टिटवालमार्गे जायची. इथली धर्मशाळा आणि गुरुद्वारा त्या वर्षीच्या टोळीवाल्यांच्या हल्ल्यात जळाले. पुढची सत्तर वर्षं ती जागा तशीच. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत-पाकिस्तानने शस्त्रसंधी पाळायचं पुन्हा ठरवलं, तोफा शांत झाल्या, आणि त्या शांततेत इथे नवं शारदा मंदिर उभं राहिलं. शृंगेरी मठाने पंचधातूची मूर्ती दिली. २२ मार्च २०२३ रोजी, गुढीपाडव्याला, ते खुलं झालं. भोवतालची वस्ती मुस्लीम. पर्यटक येऊ लागले तशी गावातल्या घरांत खोल्या तयार झाल्या, मुलं गाइड झाली.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर टिटवाल ज्यात येतं त्या कर्नाह भागावर पुन्हा तोफगोळे पडले. घरं मोडली, लोक तळघरांत बसले. त्याच दिवसांत कर्तारपूर मार्गिकाही बंद झाली. ती आधी कोविडमध्ये मार्च २०२० पासून नोव्हेंबर २०२१ पर्यंत बंद होतीच. मानसरोवर यात्रा २०२० पासून पाच वर्षं थांबली आणि २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाली तेव्हा ७५० यात्रेकरूंनाच संधी मिळाली, २५० लिपुलेखमार्गे, ५०० नथू लामार्गे. लिपुलेखवर नेपाळचाही दावा आहे, मे २०२० मध्ये त्यांनी तसा नकाशाच काढला. आणि भारत-नेपाळ सीमेवरच्या काली नदीच्या दोन्ही तीरांवर माणसं एकाच समाजाची, सोयरीक असलेली.

त्यामुळे सीमेवरच्या गावाने सगळी भिस्त यात्रेवर ठेवावी असं मी कधीच म्हणणार नाही. शेती, मेंढ्या, लोकर, जवानांची खरेदी आणि जोडीला यात्रा, असं मिश्र घर टिकतं. नाबीच्या आमांनी राजम्याचा वाफा सोडलेला नाही, खोल्या भरलेल्या असल्या तरीही.

परवाने कोणते लागतात?

माण्याला काही नाही. आदि कैलाससाठी इनर लाइन परमिट, म्हणजे सीमेलगतच्या भागात जाण्याचा सरकारी परवाना, धारचूलाच्या उपजिल्हाधिकारी कार्यालयाकडून. त्याला ओळखपत्र आणि वैद्यकीय तपासणीचा दाखला लागतो. अरुणाचलासाठीही इनर लाइन परमिट, ऑनलाइन मिळतं. टिटवालला निघण्याआधी कुपवाड्याच्या प्रशासनाकडे परिस्थिती विचारून घ्या. धारचूला हजार मीटरच्याही खाली आहे आणि गुंजी तीन हजारांच्या वर, म्हणून गुंजीत एक दिवस जास्तीचा ठेवा. रोकड जवळ बाळगा, नेटवर्क गेलं की फोनवरचे पैसे निरुपयोगी.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का, की आपण फक्त पाहुणे?

गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचं गाव आहे. संत नामदेव पंढरपूरहून उत्तरेत गेले आणि आयुष्याची शेवटची वर्षं तिथे राहिले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. तिथले लोक त्यांना बाबा नामदेव म्हणतात, त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. डेरा बाबा नानकही त्याच जिल्ह्यात.

मला वाटतं, मराठी माणसाने घुमानकडे वारीच्या नजरेने पाहावं. वारीत वाटेवरची गावं दिंड्यांना जेवू घालतात, अंगण देतात, आणि गावाचं वारीशी पिढ्यांचं नातं असतं. तसं नातं घुमानशी जोडायला आपल्याकडे सातशे वर्षांचं कारण आहे. अमृतसर-वाघा करून परतणाऱ्या प्रत्येक मराठी टूरने एक रात्र घुमानला ठेवली तर त्या गावाला दरवर्षी, ठरलेल्या वेळी पाहुणे मिळतील.

एक यात्रेकरू म्हणून माझ्याकडून काय होण्यासारखं आहे?

माण्यात पंतप्रधानांनी प्रवासखर्चाच्या ५ टक्के रक्कम स्थानिक वस्तूंवर खर्च करा असं सांगितलं होतं. सुरुवात म्हणून चांगलं आहे. पण खरा मोठा खर्च मुक्काम, जेवण आणि गाडीचा असतो, आणि तो कोणाला जातो हे आधी बघा. टूरवाल्यांना थेट विचारा: ‘मुक्काम गावातल्या घरी देणार का? आचारी नको, तिथलंच जेवू.’ दहा जणांनी विचारलं की पॅकेज बदलतं, हे मी होताना पाहिलं आहे.

विकत घ्यायचंच तर धारचूलाच्या बायकांनी विणलेलं दन घ्या, म्हणजे लोकरीचा जाड गालिचा. थुलमा, चुटका, पंखी ही लोकरीची पांघरुणं आणि शालीही मिळतात. मागावर एक दन व्हायला आठवडे जातात, तेव्हा घासाघीस करू नका. यंत्राचा माल डोंगरी म्हणून विकला जातो, म्हणून उलटी बाजू पाहा, हाताच्या गाठी दिसतात. राजमा, जंबू (फोडणीत घालायची वाळवलेली डोंगरी पात), काळं जिरं हलकं असतं, बॅगेत मावतं. कीडाजडी (अळीवर वाढणारी, औषध म्हणून विकली जाणारी महागडी बुरशी) मात्र ओळखपाळख नसलेल्या माणसाकडून घेऊ नका.

आणि घराच्या आत, चुलीपाशी, देवघरापाशी विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

देऊळ बंद झाल्यावर गावात काय होतं?

नोव्हेंबरमध्ये बद्रीनाथचे कपाट बंद व्हायच्या आधी माण्याच्या मुली लोकरीची एक कांबळ विणतात. ती एका दिवसातच पुरी करायची असते. मग तिला तूप लावतात आणि बंद होण्याच्या दिवशी तीच बद्रीनाथांच्या अंगावर पांघरतात, थंडी वाजू नये म्हणून. यात्रेच्या हंगामात लाखो माणसं दर्शन घेऊन जातात, पण देवाचं शेवटचं पांघरूण गावाच्या हातचं असतं. त्यानंतर माण्यातली घरं एकेक करून बंद होतात, गाठोडी बांधली जातात, म्हातारी माणसं जीपच्या पुढच्या सीटवर बसतात आणि गाव खाली उतरतं. उन्हाळ्यात कपाट उघडतात तेव्हा त्या कांबळीचे धागे प्रसाद म्हणून वाटले जातात.